खरखर वजा जाता

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

ती. रत्नमाला आत्यास,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी घसा फोडून सांगितलं की डॉक्टरांना भेटून आले, आणि तू म्हणालीस की डाळिंबं गंगापुरातही स्वस्तच आहेत. म्हणून आता पत्र. डॉ. संध्याताईंचं म्हणणं असं की तुझं एकाच कानाचं ऐकू येणं एवढं झपाट्यानं कमी झालं, वर आत सतत शिट्टी वाजते, तर कानामागच्या नसेवर गाठ नाही ना, हे एमआरआय करून पाहायलाच हवं. आणि तू तर मागच्या महिन्यात त्या यंत्रातून पळून आलीस!

पडेगावच्या शेडमध्ये आम्ही छोटं यंत्र बनवतोय, ते आठवतं ना? चुंबक कमी ताकदीचा, बाजूंनी उघडा, नुसतं डोकं आत ठेवायचं. मोठी गाठ असली तर ह्यात दिसेल, असं संध्याताई म्हणाल्या. परवानग्याही रीतसर आल्या आहेत. अडचण एकच. डोक्यातून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की शेजारचा वेल्डिंगवाला, कुणाचा तरी चार्जर, आमचीच ट्यूबलाइट, सगळे त्यावर खरखर ओततात. मोठ्या यंत्राला त्यासाठी तांब्यानं मढवलेली अख्खी खोली असते. आम्हाला तर हे यंत्र उद्या जीपमध्ये टाकून तालुक्याला न्यायचंय, आणि खोली जीपमध्ये मावत नाही. म्हणून बाजूला तारेची चार वेटोळी ठेवली आहेत. ती फक्त खरखर ऐकतात, मग ती आम्ही सिग्नलमधून वजा करतो.

येशील ना? आतोबांना नमस्कार.

लोभ आहेच, आणि तो फोनपेक्षा मोठ्या आवाजात आहे.
तुझी प्रेरणा


गंगापूर
११ जानेवारी

चि. प्रेरणा हिस,
रत्नमाला आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. इंजिनियर झालीस तरी अक्षर अजून कोंबडी चालून गेल्यासारखंच आहे.

पळून आले हे खरं. नळीसमोर आडवं केलं, तोंडावर पिंजरा लावला, हातात रबरी फुगा दिला आणि सांगितलं की भीती वाटली तर दाबा. मी आत जायच्या आधीच दाबायला लागले. आणि आत गेल्यावर ते ठोकणं! माझं बहिरेपण पहिल्यांदाच कमी पडलं. तुझे आतोबा अजून सांगत फिरतात की दवाखान्यात लई शोभा झाली.

तुमच्या वजाबाकीचं मला नवल नाही. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. मी नोकरीभर गिरणी वजा करूनच पोरांचे पाढे ऐकले.

तेव्हा येईन, पण एका अटीवर. सगळा वेळ तू माझा हात धरायचास. फुगा नको, माणसाचा हात पाहिजे.

आशीर्वाद भरपूर आहेत, अक्षर सुधारल्यास आणखी मिळतील.
तुझी आत्या


पुंडलिकनगर
१८ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ही अट सोडून काहीही माग गं. यंत्रात पाण्याची बाटली ठेवली की चित्र लख्ख येतं. परवा माझ्याबरोबर काम करणारा सम्यक झोपला, तर त्याच्या डोक्याच्या जागी चौकड्यांचं लुगडं उमटलं! माणसाचं अंग म्हणजे एक अँटेनाच असते. क्रिकेटचा सामना असला की आपण आतोबांना गच्चीवर अँटेना धरून उभं करायचो आणि ते खाली आले की चित्र जायचं, आठवतं? इथं नेमकं उलटं होतं. अंग बाहेरची सगळी खरखर गोळा करून आत आणतं, आणि आमची वजाबाकी जुळत नाही.

तुझ्यासाठी म्हणून सम्यकचा हात धरून पाहिला, तर चित्र पारच गेलं. दोन अँटेना झाल्या ना. सम्यक म्हणाला, ताई, आत्याबाईंना सांगा, हात मनातून धरू. मला हसू आलं नाही, रडूच आलं. माझं यंत्र तुझ्याच कामी येत नसेल, तर कशाला बनवतेय मी ते?

लोभ असावा, निदान यंत्र सुधारेपर्यंत तरी.
प्रेरणा


गंगापूर
२४ जानेवारी

चि. प्रेरणा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

हात नाही तर मी नाही. रडू नकोस, यंत्राला पाणी लागेल.

एक सांगते. परवा बाजारात मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि मला ऐकूच आला नाही. भाजीवालीनं पदर धरून मला बाजूला ओढलं. पदर फाटला म्हणून मी तिलाच दटावलं, पण घरी येईपर्यंत दर दहा पावलांनी मागे वळून पाहत होते. गाठीची भीती वाटते, आणि त्याहून जास्त त्या नळीची. हे फक्त तुला लिहिलं आहे.

आशीर्वाद नेहमीचेच.
आत्या

ता. क. पोरी, हे मी लिहितोय, तुझा आतोबा. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं व्हतं. ती लई घाबरलीय, दाखवत नाय. घास हातात तसाच ऱ्हातो. काय करायचं ते लवकर कर.


पुंडलिकनगर
२ फेब्रुवारी

ती. आत्यास आणि पाकीट उघडणाऱ्या आतोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, हात धरता येणार!

काल सम्यकला झोपवून दिवसभर खटपट चालली होती. उभं राहून पाय भरून आले, म्हणून त्याचा हात न सोडता मी दुसऱ्या हातानं यंत्राला टेकले. यंत्राला तांब्याचा पत्रा आहे आणि त्याची तार जमिनीत गाडलेली आहे. पडद्यावरची खरखर गपकन बसली. मला वाटलं यंत्र बंद पडलं, सम्यकला वाटलं मी काहीतरी हुशारी केली. हात काढला की खरखर यायची, टेकला की जायची. अंगात गोळा झालेली खरखर माझ्यातून पत्र्यावर आणि तिथून जमिनीत जात होती! उरलीसुरली खरखर ती वेटोळी वजा करतात.

येत्या रविवारी या. मंगळसूत्र, कानातलं काढावं लागेल, काचेच्या बांगड्या राहू देत. आतोबांनी हुरडा आणावा. सम्यकनं फार सोसलंय.

लोभ दोन्ही हातांनी असावा.
प्रेरणा


गंगापूर
१२ फेब्रुवारी

चि. प्रेरणा हिस,
रत्नमाला आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचलो. संध्याताईंनी कागदावर लिहून दिलेलं तुझ्या आतोबांनी येताना एसटीत मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं, म्हणजे ओरडून दाखवलं. माझ्या डोक्यात मोठी गाठ नाही, हे आता अख्ख्या गंगापूर तालुक्याला ठाऊक आहे. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, मंग बारकी हाय का? त्याला बरोबर सुचलं. बारकी असेल तर ती मोठ्या यंत्रातच दिसेल, असं त्याच कागदावर खाली लिहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट. यंत्रात झोपताना सम्यकनं माझ्या घोट्याला तांब्याची पट्टी बांधली आणि तिची तार पत्र्याला जोडली. त्याला वाटलं असेल, म्हातारीला काय कळतंय. सातवीपर्यंत विज्ञान शिकवलं आहे मी. ती पट्टीच अंगातली खरखर जमिनीत नेत असताना तुझ्या हाताचं यंत्राला काही काम उरलं नव्हतं, हे मला तिथंच कळलं. तुला तर आधीपासूनच ठाऊक असणार. तरी तू एक हात पत्र्याला आणि एक मला देऊन शेवटपर्यंत वाकडी उभी राहिलीस. तू बोलली नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. मला फार बरं वाटलं गं.

आता त्या मोठ्या नळीची तारीख घे. मी जाईन. तिथं तांब्याची अख्खी खोलीच आहे म्हणतेस, तेव्हा हात धरायला काही निमित्त उरलेलं नाही. तरी ये.

लोभ आहे, तेवढा वजा करू नये.
तुझी रत्नमाला आत्या