दाराच्या फटीतले अक्रोड

मंगळवार, संध्याकाळ. दिल्ली कॅन्ट.

डॉक्टर म्हणाले, हृदयाला अक्रोड चांगले, रोज भिजवून द्या. ह्यांनी वाटी परत केली. म्हणे, स्वतः फोडूनच खाईन. काश्मीरला पोस्टिंग होती तेव्हा बराकीमागच्या झाडाचे दोन अक्रोड एका मुठीत धरून फोडायचे. पण अर्धांगवायूनंतर त्या मुठीत जोर उरलेला नाही, हे ह्यांना कुणी सांगायचं?

मग मीच दोन अक्रोड स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत धरून जरासे तडकवले आणि तसेच नेऊन दिले. मुठीत दाबल्याबरोबर फुटले. मला केवढं बरं वाटलं. कशाला केलं मी असं?

ह्यांनी गर काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तूच खा. दार वाजलेलं ऐकलं मी."