घरकोंबडीच्या काड्या

२ मार्च

जे झालं ते असं —
१. बाबा गेले त्याच वर्षी त्यांचं सफरचंदाचं झाड बुंध्यात कुजलं. दादाने विचारलं, तोडू? मी म्हणाले, तोड. कलमाच्या काड्या कापून फ्रिजमध्ये ठेवल्यात.
२. झाड तोडलं.
३. आज काड्या काढल्या. त्याच कप्प्यात बाजारातली पिकलेली सफरचंदं. आईने ठेवलेली. माझ्यासाठी.
४. पिकत्या सफरचंदातून वायू सुटतो, त्याने काडीवरचे डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, मरतात. कापून पाहिले. आतून तपकिरी. सगळे.

शीतगृहात माझं कामच तो वायू मोजण्याचं!

३ मार्च

दादा म्हणाला, "अगं, दुसरं लावू की. सफरचंदच ना?"

नाही. बी लावलं तर वेगळंच झाड येतं. हा वाण फक्त काडीतून पुढे जातो. साल खरखरीत, मातकट. तोडल्या तोडल्या आंबट ढाण. गवतात मुरू दिलं की मध, आणि मागे बडीशेपेचा वास. दादा त्याला बटाटा म्हणायचा. बाबा म्हणायचे, "दुकानातली ती दिसायला देखणी, प्रवासाला खंबीर. ही आपली घरकोंबडी. दाराबाहेर पडायची नाही."

४ मार्च

दुर्मिळ वाण जपणाऱ्या बागेत फोन केला. बाई उत्साहात — आतून लाल असलेलं, अननसाच्या वासाचं, काळपट जांभळं, सगळं आहे त्यांच्याकडे. फोटो पाहून म्हणाल्या, "हे नाही हो. कुठे पाहिलंही नाही."

५ मार्च

आई — "फुटली का गं कलमं?"
मी — "वेळ लागतो."

६ मार्च

सांगितलं. आई खुर्चीत बसली. "मी आपलं, तुला डब्यात द्यायला..." तिचा हात धरायला हवा होता. मी वायू समजावत बसले.

मग तीच म्हणाली, "एक कलम आहे. त्याच्याकडे."

त्याच्याकडे! ज्याच्याशी माझं लग्न ठरलं आणि मोडलं. बाबांनी कलम दिलं ते लग्न मोडल्यानंतर. "तुझे बाबा म्हणाले, यांचं बिनसलं, त्यात झाडाचा काय दोष?" मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? मी त्याचा विषयच काढू देत नव्हते.

७ मार्च

त्याला पाठवलं —

"बाबा गेले, हे कळलं असेल. घरचं झाडही गेलं. तुझ्याकडचं कलम जगलं असेल तर थोड्या काड्या हव्यात. डोळे फुगायच्या आत कापायला हव्यात. मीच येऊन कापेन. तू घरी असलास तरी चालेल. बुधवारपर्यंत कळव."