दारातली पाटी

४ मार्च, सोमवार

यांनी घर डोक्यावर घेतलंय. निवृत्त होऊन आठ दिवस झाले नाहीत, तर मोटरहोम घ्यायचं! जुनं चालेल, पण यंदाच. जेवणाच्या टेबलावर गाड्यांची चित्रं, पट्टी, पेन्सिल. झोपायला किती जण, ओटा केवढा, सायकली मागे टांगता येतात का — सगळं फोनवर विचारून झालं. वजनाचं एकदाही नाही.

मीही विषय काढला नाही.

५ मार्च

"तू तर त्यातलीच. काय बघून घ्यायचं सांग." त्यातलीच! मोटरहोम बांधणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात मी अकरा वर्षं काढली, त्याचं यांना अजून कौतुक.

शेवटी सांगितलं. भरलेली गाडी जास्तीत जास्त किती वजनाची चालते, तो एक आकडा. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. उरलं ते आपलं. त्यातच माणसं, पाणी, गॅस, भांडी, अंथरुणं, सायकली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे ऐकून चेहरा उतरला. मग म्हणे, तुला न्यायचं की पाणी ते ठरवावं लागणार. हसलो दोघंही.

रिकाम्या गाडीचं वजन कोणी केलं, कधी केलं, हेही विचारायचं असतं. ते मी सांगितलं नाही.

९ मार्च

जुन्या गाड्यांच्या दलालाकडे एक पाहून आलो. आमच्याच कारखान्याची निघाली! पायरीवर पाय ठेवला आणि आधी दाराकडेच पाहिलं. दाराच्या आतल्या बाजूला पत्र्याची पाटी — माणसं व सामान मिळून ४५० किलो. आकडे माझ्या हातचे; पाट्यांवर आकडे ठोकायचं काम ऑफिसात माझ्याकडेच असायचं. माझा चार नेहमी एका अंगाला कलायचा, हातोडी सरळ बसायचीच नाही.

हे हुरळून गेले. साडेचारशे म्हणजे चिक्कार झालं, म्हणाले.

मी आत ओट्यापाशी उभी होते. मागून बाईचा आवाज आला — "किती सामान चालेल हो?" वळले. कोणी नाही. हे बाहेर दलालाशी बोलत होते.

तिचाच आवाज.

१० मार्च

लिहूनच टाकते. इथे तरी.

४५० हा पहिल्या गाडीचा आकडा. ती रिकामी असताना वजनकाट्यावर नेऊन तोलली होती. पुढे मालकांनी कपाटं जाड प्लायची केली, पाण्याची टाकी मोठी केली, दुसरी बॅटरी घातली. रिकामी गाडीच अडीचशे किलोंनी जड झाली. उरले दोनशे! माणसांतच संपले. मी विचारलं होतं, नव्यानं तोलायची का? मालक म्हणाले, जुनाच आकडा ठोका. मी ठोकत राहिले. काल पाहिलेली गाडीही त्यातलीच, कपाटं जाड प्लायची.

काल जिचा आवाज ऐकला, ती बाई अशीच एक गाडी ताब्यात घ्यायला आली होती. पिवळा स्वेटर, बरोबर नवरा आणि सासू. शाळेत शिकवायची. पुस्तकांची खोकी न्यायची होती तिला. किती चालेल, म्हणून विचारलं. मी पाटी दाखवली आणि म्हणाले, "खुशाल भरा."

तीन आठवड्यांनी उतारावर मागचं टायर फुटलं. एकटी सासू वाचली. चालकाची चूक, असं ठरलं. मी मूग गिळून बसले. महिन्याभरात नोकरी सोडली — गुडघे दुखतात म्हणून. यांना आजही गुडघेच माहीत आहेत.

११ मार्च

भांडी घासताना परत. अगदी कानाशी. नळ बंद केला तरी.

१३ मार्च

यांची यादी: दोन सायकली, चार खुर्च्या, शेगडी, दुर्बीण, हत्यारांची पेटी, नातीची पोहायची रबरी होडी. मी एकेक खोडत गेले. चिडले. "तुला यायचंच नाहीये. सरळ सांग ना मग!"

सरळ सांगायचंच होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, त्या गाडीला ओलीचा वास येतो.

ओल! तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझा एक शब्द खोटा धरला नाही. हाही धरला नाही.

१४ मार्च

यांनी दलालाला नकार कळवला. माझ्यासाठी. टेबलावरची चित्रं गुंडाळून ठेवली आणि संध्याकाळी चहा करून दिला. माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते, पण पडला.

१५ मार्च

आता ती विचारत नाही. नुसती उभी राहते. जिन्यात, कपड्यांच्या दोरीपाशी, भर दुपारी. मी तिला म्हटलंसुद्धा — अगं बाई, घेतली नाही ना आम्ही ती गाडी? मग आता काय हवंय तुला?

मला भीती वाटते. वेड लागेल अशी.

१७ मार्च

सकाळी यांनी सांगितलं, ती गाडी विकली गेली. नवरा, बायको, तीन मुलं. पाटीवरचा आकडा बघून लगेच पसंत केली म्हणे. आज दुपारी डोंगराकडे निघणार.

दलालाकडून नंबर घेतला. यांच्यासमोरच लावला. बाईनं उचलला. मागे मुलांचा गोंधळ, सामान चढवत होते. मी म्हणाले, "तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या गाडीच्या दारातला आकडा मी ठोकलाय. तो खोटा आहे आणि मला ते माहीत होतं. काट्यावर तोलल्याशिवाय गाडी हलवू नका."

तिनं मुलांना गाडीतून खाली उतरायला सांगितलं. मग म्हणाली, "अशा आणखी किती गाड्या आहेत?"

एकतीस, मी म्हणाले. हे समोर बसून ऐकत होते.