जीभ वर कर

डॉक्टरसाहेब,

क्षयाच्या गोळ्या चालू असूनही माझ्या लेकीचा ताप हटेना, तेव्हा सगळ्या वॉर्डासमोर तुम्ही ओरडलात, "गोळ्या थुंकतेस ना? नाटकं पुरेत!" मग रोज गोळ्यांनंतर नर्स म्हणायची, "तोंड उघड. जीभ वर कर."

मी हटूनच बसले, तेव्हा कुठे तुमच्यासमोर गोळ्या गिळवून तिच्या रक्तातलं औषध तपासलंत. हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. गोळ्या पोटात जात होत्या, अंगी लागत नव्हत्या. तुम्ही डोस वाढवलात, ताप उतरला. "माझं चुकलं" म्हणायला मात्र तुमची जीभ रेटली नाही.

उपचार अजून तुमच्याच हातात आहेत, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

काल घरी गोळ्या गिळून तिने आपणहून तोंड उघडलं.

"मिट गं, बाळा."

"आधी बघ तरी, आई."

तिची आई