कडी घालण्याआधी

सोमवार, ३ तारीख

पोचलो बाई एकदाच्या! गोऱ्या साहेबाच्या काळातला तुरुंग, आता जिल्ह्याच्या इतिहासाचं संग्रहालय, आणि मी त्याची नवी देखरेखवाली. कोठड्यांमधून जुने नांगर, नाणी, माणसाएवढे रांजण मांडलेत. राहायची खोली तुरुंगाच्याच भिंतीला लागून. नवरा गेल्यापासून नातेवाइकांकडे राहून जीव नुसता विटला होता. आता मी आणि माझी चिमणी, दोघींचं हक्काचं छप्पर. आल्या आल्या पोरगी रांजणामागे लपली आणि मला भॉक केलं!

निवृत्त होणाऱ्या पहारेकरीमामांनी काम समजावलं. संध्याकाळी प्रत्येक कोठडीत आत जाऊन बघायचं, मग कडी-कुलूप. फक्त 'कोणी आहे का' असं विचारायचं नाही. का, म्हटलं, तर म्हणाले, विचारलं की उत्तर येतं. मला हसू आवरेना.

गुरुवार, ६

सवयच मेली. रांजणांच्या कोठडीत आज तोंडातून निघून गेलं, कोणी आहे का? आतून 'आहे' असं आलं. पुरुषाचा आवाज, थकलेला. कानाकोपरा पाहिला, चिटपाखरू नाही. मामांना फोन केला. म्हणाले, आता ते हाका मारणार. एकदा कडी घातली की काही झालं तरी उघडू नका.

शनिवार, ८

आता न विचारताच बोलतं. काल कुण्या बाईचा आवाज. आज माझ्या नवऱ्याचा— तो मला घरात ज्या नावाने हाक मारायचा, तेच नाव. आत बघायची हिंमतच होत नाही. बाहेरूनच कडी ओढते आणि पळते.

सोमवार, १०

आज चिमणीचा आवाज काढला मेल्याने! आई, मी आत आहे, उघड ना. दात-ओठ खाऊन कुलूप ठोकलं. मला फसवतोस होय!

घरी आले. चिमणी नाही. दप्तर आहे, चपला नाहीत—

नंतर

धावत गेले. उघडलं. दारातच उभी होती, माझं सोनं— उचलली, सवयीने कुलूप घातलं, घरी आणली. अंग गार. बोलत नाही. नुसती हसते.

भिंतीपलीकडून हाक येतेय. आई, तू कुणाला नेलंस? मी रांजणामागेच आहे— रडतेय. चिमणी रडताना उचक्या देते. तशाच उचक्या—

किल्ल्या घ्यायला उठले. हिने मनगट धरलं. म्हणाली, जाऊ नकोस, ते खोटं आहे.

हिच्या तोंडून पुरुषाचा आवाज. थकलेला.

किल्ल्या हिच्या मुठीत. पलीकडच्या उचक्या आता विरत चालल्या—