एकोणऐंशीवर थांबले

प्रिय अपूर्वा,

लगेच फोन करू नकोस, आधी हे वाच. दवाखान्यातून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणजे तुझ्या डॉक्टरचंच खरं. तो पोरगा मला आजी म्हणाला, इथवर सोसलं. मग म्हणे, शंभरातून सात-सात वजा करत चला. हयातभर नववी-दहावीला गणित शिकवलेल्या बाईला! मी त्र्याण्णव म्हटलं, शहाऐंशी म्हटलं आणि एकोणऐंशीवर थांबले. थांबणारच. त्र्याण्णवला तीनाने भाग जातो, शहाऐंशीला दोनाने; एकोणऐंशी मात्र मूळ संख्या, तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. हे सांगायला लागले तर त्याने कागदावर फुली मारली. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर थांबलेल्या मुलीला आधी विचारायच्या, काय दिसलं? याला ते कुणी शिकवलं नाही. फुलीचं काही नाही गं. तू खिडकीबाहेर पाहिलंस, ते लागलं.

मग मी रागाने त्याला माझी लाडकी संख्या ऐकवायला घेतली. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ७३९३९१३३. स्वयंपाकघराच्या फरशीवर मी ती खडूने लिहायचे आणि तू ओल्या बोटाने उजवीकडचा एकेक अंक पुसत विचारायचीस, "आता?" मी म्हणायचे, "अजून मूळच." पुसत पुसत नुसता सात उरला तरी मूळच. पण उजवीकडे आणखी कोणताही अंक लाव, मूळपण गेलंच. अशा संख्यांमध्ये हीच सगळ्यांत मोठी.

मध्येच उठले होते. चहा उतू गेला. सगळ्यांचाच जातो. मी भाजीला गेले असताना जावयांनी एजंटला घर दाखवलं, हे मला भांडीवाल्या गोजराबाईकडून कळावं? "बाई, तुमी पुण्याला चालल्या का?" म्हणाली. कोण म्हणतं, विचारलं, तर म्हणे, "ताईच म्हनत व्हत्या, आता आईला इथं एकटं नाय ठेवायचं." ठेवायला मी काय लोणच्याची बरणी आहे?

आता खरं सांगते. दवाखान्यात 'एकोणचाळीस हजार'च्या पुढे मला काही आलं नाही. मी चिडून गप्प बसले असं तुला वाटलं. एकशे तेहतीस घरी येऊन पुस्तकात पाहिलं. फोनवर बोलताना हल्ली माझं वाक्य मध्येच सुटतं. कागदावर निदान वर जाऊन वाचता येतं, म्हणून हे पत्र. सोमवारी मेंदूचा स्कॅन आहे, मी करून घेणार. तू ये. पण घर मला विचारल्याशिवाय विकायचं नाही. मला माझं दार ओळखता येतंय तोवर मी इंदिरानगरातच राहणार. आणि ज्या दिवशी मी तुला "आपण कोण?" म्हणेन, त्या दिवशी मात्र मला काही विचारत बसू नकोस. मी नको म्हणेन, हात झिडकारेन, तोंडाला येईल ते बोलेन, तरी घेऊन जा. माझा होकार आजच्या तारखेचा आहे.

तुझीच,
आई