दहा आणे काळीज

प्रिय ऋषिराज,

आधी एवढं वाच, मग बाकीचं. आपले आबा ठणठणीत आहेत. काल मिरजेहून परतताना स्टँडवर त्यांनी दोन प्लेट भजी खाल्ली आणि मी एकदाही अडवलं नाही.

तुझ्या सरहद्दीवरच्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून मागच्या पत्रातून तुला घाबरवलं. आता निस्तरतेही पत्रातूनच. गावातल्या शिबिरात आबांचं हृदय तपासलं, तेव्हा कागदावर ०.६२ असा आकडा आला होता. आबा म्हणाले, "म्हंजे एकसुदिक भरत न्हाई गं." मी पडले बी.कॉम., लगेच शहाणपणा केला, की आबा, बासष्ट टक्के. आबांना टक्के कळतात, पण पटतात ते आणेच. पीक असो, लग्नातलं जेवण असो नाहीतर तुझा दहावीचा निकाल, त्यांनी सगळं सोळा आण्यांतच मोजलं. ओठांतल्या ओठांत हिशेब करून म्हणाले, "जेमतेम दहा आणे. सहा आणे काळीज गेलं माझं." त्या दिवसापासून ते तसेच वागू लागले. माळ्यावर चढेनात, उसाला पाणी पाजायला नानासोकाकांना धाडू लागले. मी चुलीपुढं बसून रडायची आणि धुरावर ढकलायची.

शेवटी काल तो कागद घेऊन त्यांना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई शिराळ्याकडच्या, उसातच वाढलेल्या. आबांचे आणे ऐकून त्या हसल्या आणि विचारलं, "आबा, शंभर किलो ऊस गाळला तर साखर किती पडती, उतारा किती?" आबा म्हणाले, "आवं, बारा किलो पडली तरी लय." "मग बाकीचा अठ्ठ्याऐंशी किलो ऊस नासका व्हता व्हय?" मग त्यांनी समजावलं, हृदयात भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला जेवढं बाहेर ढकललं जातं, त्याचा तो आकडा. सगळंच्या सगळं कुणाचंच जात नाही, बासष्ट म्हणजे उत्तम. आमचं गणित बरोबर होतं रे, फक्त बासष्ट टक्के कशाचे, हे कुणी विचारलंच नाही. आबा "म्हंजे उतारा चांगला हाय" म्हणत शर्टाची बटणं लावू लागले. मी बाहेर बाकावर बसून पुन्हा रडले, पण आता इतकं हलकं वाटत होतं.

एवढी बातमी चार ओळींतही मावली असती. मागच्या गणपतीत तुमचं दोघांचं वाजलं, तेव्हापासून रजा मिळूनही तू घरी आला नाहीस आणि आबांनी तुझं नाव काढलं नाही. काल भजी खाताना मात्र माझ्याकडं न बघता म्हणाले, "रिपोर्ट चांगला आला ह्ये त्येला एवढ्यात कळवू नगंस. मग त्यो कशाला येतोय?" मी हो म्हटलं आणि घरी पोचल्याबरोबर तुला लिहायला बसले. आजारी बापाला बघायला तू धावत आला असतास, हे मला ठाऊक आहे. आता धडधाकट बापाला भेटायला ये.

वाट बघणारी तुझीच,
ताई